विश्वास असावा, पण लेखी असावा

(छोटे उद्योजक, दुकानदार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजारपेठेत जावे, एखाद्या तरी दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी दिसतेच. गिऱ्हाईक ती वाचून हसते, दुकानदारही हसतो आणि पाचच मिनिटांत त्याच पाटीखाली बसून उधारीच्या वहीत एक नवी ओळ लिहितो. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण त्याला ठाऊक नसते असे नाही. परंतु उधारी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, हेही त्याला ठाऊक असते. छोट्या व्यावसायिकाचे सारे आयुष्य या दोन जाणिवांच्या मधोमध जाते. म्हणूनच अप्रामाणिक ग्राहकाशी कसे वागावे, हा प्रश्न त्याच्यासाठी प्रपंचाचाही आहे आणि मनःशांतीचाही आहे.

मोठ्या कंपनीचे पाच लाख रुपये बुडाले तर ते ताळेबंदात एका ओळीत मावतात. छोट्या माणसाचे पाच लाख बुडाले तर मुलीचे महाविद्यालयीन शुल्क, कामगारांचा पगार, बँकेचा हप्ता आणि घरातील दागिने या सगळ्यांवर त्याची झळ पोहोचते. त्याहून मोठी हानी पुढेच असते. फसवला गेलेला माणूस कडवट होतो. एकाने लुबाडले म्हणून तो दहा सज्जनांकडे संशयाने पाहू लागतो, किंवा ‘जग असेच आहे’ असे म्हणून स्वतःच दुसऱ्याचे पैसे थकवू लागतो. पैसा बुडणे ही आपत्ती खरी. पण स्वभाव बिघडणे ही त्याहून मोठी आपत्ती होय.

तिघांत फरक करावा

पैसे न देणारा प्रत्येक ग्राहक लबाड नसतो. पैसे थकवणाऱ्यांचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला अडचणीत सापडलेला. त्याच्या घरी आजारपण आले, पाऊस पडला नाही, कारखाना बंद पडला. तो समोरून येऊन सांगतो, तोंड चुकवत नाही, पाचशे का होईना देऊन जातो. दुसरा निष्काळजी. त्याच्यापाशी पैसे असतात, पण आठवण करून दिल्यावाचून त्याचा हात खिशाकडे जात नाही. तिसरा मात्र खरा लबाड. माल उचलतानाच पैसे द्यायचे नाहीत, हे त्याने मनाशी ठरवलेले असते.

पहिल्याला सवलत द्यावी, हप्ते बांधून द्यावेत. असा माणूस पुढे दोन पिढ्यांचे गिऱ्हाईक होतो. दुसऱ्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पद्धतीने, न चुकता आठवण द्यावी. तिसऱ्याशी मात्र भिडेने नव्हे, नियमाने वागावे. बहुतेक दुकानदारांचे नुकसान होते ते या तिघांना एकाच मापाने मोजल्यामुळे. गरजवंतावर ते चारचौघांत ओरडतात आणि गोड बोलणाऱ्या लबाडाला चहा पाजून आणखी माल देतात.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमक्या जातीचे लोक बुडवतात, तमक्या प्रांताचे व्यापारी पळून जातात, असे ठोकताळे बाजारात सर्रास ऐकू येतात. त्यांचा उपयोग शून्य असतो, कारण लबाड माणूस हे ठोकताळे पुरते ओळखून असतो. तो गाववाला म्हणून येतो, नातलग म्हणून येतो, एकाच देवाचा भक्त म्हणूनही येतो. माणूस कोणाचा आहे हे पाहून उधारी देऊ नये. त्याचे व्यवहार कसे आहेत हे पाहून द्यावी.

गल्ल्यावरची फसवणूक

दुकानाच्या गल्ल्यावर होणाऱ्या फसवणुकीचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. पूर्वी खोटी नोट आणि सुट्ट्या पैशांतील हातचलाखी एवढेच भय असे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि भाजीच्या गाडीपर्यंत क्यूआर कोड पोहोचला. सोय मोठी झाली. तिच्यासोबत लबाडीनेही नवे वेष घेतले. ग्राहक मोबाइल पुढे करून ‘पैसे गेले’ असे चित्र दाखवतो आणि गर्दीच्या वेळी दुकानदार मान हलवतो. ते चित्र जुने असते किंवा बनावट ॲपने तयार केलेले असते. दुकानाबाहेर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर रात्रीतून दुसराच कोड चिकटवला जातो आणि दिवसभराची विक्री भलत्याच्या खात्यात जमा होते.

या सगळ्यावर उपाय साधा आहे. ग्राहकाच्या मोबाइलवर काय दिसते याला महत्त्व देऊ नये; स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश आल्यावर किंवा ध्वनियंत्राने रक्कम उच्चारल्यावरच माल हातात द्यावा. सकाळी दुकान उघडताच स्वतः एक रुपया पाठवून कोड आपलाच आहे ना, हे पडताळावे.

आणखी एक प्रकार अनेक खानावळवाल्यांनी आणि मिठाईवाल्यांनी अनुभवला आहे. दूरध्वनी येतो; बोलणारा स्वतःला सैन्यातील अधिकारी म्हणवतो. जवानांसाठी मोठी मागणी नोंदवतो, पैसे आगाऊ देतो म्हणतो आणि ‘पैसे मिळण्यासाठी’ म्हणून एक कोड पाठवतो. सैन्याविषयीच्या आदरापोटी दुकानदार शंका घेत नाही, कोड वापरून पिन टाकतो आणि त्याच्याच खात्यातून पैसे जातात. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे एक वाक्य दुकानातल्या प्रत्येक नोकराला आणि घरातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. तरीही घात झालाच तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

इचलकरंजीतील एक चित्र

गल्ल्यावर शेकड्यांनी जाते. घाऊक व्यवहारात लाखांनी जाते. त्यासाठी इचलकरंजीचे उदाहरण घ्यावे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पाहता पाहता ते संस्थानी गाव वस्त्रनगरी झाले. तेथील छोट्या यंत्रमागधारकाचे अर्थकारण फार नाजूक असते. सूत त्याला थोड्या मुदतीवर किंवा रोखीने घ्यावे लागते, कामगारांना आठवड्याला पगार द्यावा लागतो, विजेचे बिल तारखेला भरावे लागते. कापडाचे पैसे मात्र ‘पेमेंटधारा’ संपल्यावर येतात. ही धारा ठरते एक आणि पाळली जाते दुसरीच.

समजा, अशा एका चोवीस मागांच्या मालकाकडे दलालामार्फत नवा खरेदीदार येतो. पहिला माल लहान, पैसे रोख. दुसरा माल थोडा मोठा. पैसे आठ दिवसांत. तिसऱ्या वेळी तो बाजारभावापेक्षा मीटरमागे पन्नास पैसे अधिक देऊ करतो आणि पहिल्याच्या पाचपट माल तीस दिवसांच्या मुदतीवर मागतो. मालकाला हे भाग्य वाटते. तो सूत वाढवून घेतो, बँकेची मर्यादा संपवतो, शेवटी घरातले दागिने गहाण ठेवतो. माल जातो. तिसाव्या दिवशी दूरध्वनीवर उत्तर मिळते, ‘मालात खोट निघाली.’ पंचेचाळिसाव्या दिवशी धनादेश मिळतो, तो वटत नाही. साठाव्या दिवशी दूरध्वनी बंद होतो आणि दिलेल्या पत्त्यावर कुलूप असते. दलाल हात झटकतो. त्याचा संबंध दलालीपुरता असतो, हमीशी नसतो.

हे चित्र केवळ यंत्रमागाचे नाही. नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांनी अशाच रीतीने वर्षभराचे कष्ट गमावल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. बागेत येऊन भाव वाढवून देणारा व्यापारी, पहिल्या दोन तोडींचे पैसे रोख आणि शेवटच्या तोडीनंतर पोबारा, हाच तेथील क्रम. माल बदलतो, रीत तीच राहते.

या रीतीतच सावधगिरीच्या खुणा दडलेल्या आहेत. बाजारापेक्षा जास्त भाव देऊन मुदत मागणारा खरेदीदार हा धोक्याचा पहिला इशारा. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याला भाव वाढवायला काय लागते? मागणी एकाएकी पाचपट होणे हा दुसरा. घाई करणे, ‘आजच गाडी भरा’ म्हणणे हा तिसरा. नव्या खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत पडताळता येतो. तो कधी नोंदला गेला, चालू आहे की रद्द झाला, विवरणपत्रे भरली जातात की नाही, हे तेथे दिसते. त्याच्या दोन जुन्या पुरवठादारांशी बोलावे. आणि प्रत्येक खरेदीदारासाठी उधारीची एक मर्यादा आधीच ठरवावी: ही रक्कम उद्या बुडाली तरी मागांचा आवाज थांबणार नाही, एवढीच. भाव कितीही मोहक असला तरी ती रेषा ओलांडू नये.

कच्च्या चिठ्ठीची किंमत

आता थोडे कटू बोलणे आवश्यक आहे. फसवला गेलेला व्यावसायिक वकिलाकडे जातो तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘बिल कुठे आहे?’ आणि अनेकदा उत्तर येते की माल कच्च्या चिठ्ठीवर गेला होता. कर वाचवण्यासाठी अर्धा व्यवहार वहीबाहेर ठेवण्याची सवय असलेल्या माणसाने स्वतःच्या हातांनी स्वतःचा पुरावा नष्ट केलेला असतो. लबाड खरेदीदार नेमका असाच विक्रेता हेरतो. हा न्यायालयात जाऊ शकणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रामाणिक व्यवहार ही केवळ नीतीची बाब नसून ते छोट्या माणसाचे कवच आहे.

म्हणून दर व्यवहाराचे चार कागद असावेत: लेखी मागणी, त्यात भाव आणि पैसे देण्याची मुदत, पक्के बिल, माल पोहोचल्याची सही-शिक्क्यासह पोच, आणि वर्षातून निदान एकदा खरेदीदाराच्या सहीने खात्याचा ताळा. या शेवटच्या कागदाचे मोल फार आहे. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. पण त्या मुदतीत देणेकऱ्याने लेखी कबुली दिली तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. ओळखीच्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो, हे खरे. परंतु ज्याची नियत शुद्ध आहे त्याला सहीचे ओझे कधी वाटत नाही.

लेखी आणि मुदतबद्ध व्यवहाराचा हा आग्रह परकीयांकडून आलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खरेदी-विक्री रद्द करण्याच्या नियमांचे स्वतंत्र प्रकरण आहे. सौद्याचा फेरविचार करण्यासाठी व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री आणि गोपालकाला पाच रात्री अशी मुदत त्याने घालून दिली. ज्याचा व्यवसायच व्यवहार आहे त्याने तत्काळ निर्णय करावा आणि ज्याला बाजाराची सवय नाही त्याला अधिक अवधी मिळावा, हे त्यामागचे सूत्र असावे. आपल्या परंपरेत सचोटीबरोबर हिशेबालाही मान होता, याचे स्मरण ठेवले पाहिजे.

कायदा काय देतो

कायद्याची दारे छोट्या व्यावसायिकाला वाटतात तितकी बंद नाहीत. मात्र ती वेळेत ठोठवावी लागतात. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला आहे. ‘थांबा हो, पुढच्या महिन्यात नक्की’ या गोड आश्वासनात तीस दिवस निघून गेले, की हे शस्त्र बोथट होते. नेमके त्यासाठीच ते आश्वासन दिलेले असते.

दुसरे साधन म्हणजे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम. नोंदणीकृत सूक्ष्म अथवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने करारातील मुदतीत पैसे द्यावेत आणि ही मुदत पंचेचाळीस दिवसांहून अधिक असू नये, असे हा कायदा सांगतो. लेखी मुदत ठरलेली नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. माल मिळाल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. म्हणजे तिसाव्या दिवशी ‘खोट निघाली’ म्हणणाऱ्याला कायदा सहज साथ देत नाही. राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. तेथील निर्णयाला न्यायालयात आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. परिषदेने नव्वद दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागतो, हेही मान्य केले पाहिजे.

मात्र हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्या उद्योगांसाठी आहे. केवळ माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. यंत्रमागधारकाने, सुताराने, लहान कार्यशाळेच्या मालकाने ही नोंदणी माल देण्यापूर्वीच करून ठेवावी. घर पेटल्यावर विहीर खणू नये. आयकर कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने तर खरेदीदाराच्या हितसंबंधालाच हात घातला. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीपलीकडे थकवले, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. जीएसटी कायद्यातही १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे न देणाऱ्याला घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. थकबाकीदाराला लिहिलेल्या पत्रात या दोन गोष्टींची सौम्य आठवण करून दिली तरी त्याचा लेखापाल जागा होतो.

एकटा आणि एकत्र

पोलिसांकडे गेलेल्या व्यावसायिकाला बहुधा ऐकायला मिळते की हे प्रकरण दिवाणी आहे. यात पोलिसांचा केवळ आळस असतो असे नाही. पैसे न देणे आणि फसवणूक करणे यांत कायदा भेद करतो; फसवणूक सिद्ध होण्यासाठी मुळापासूनच लबाडीचा हेतू होता, हे दाखवावे लागते. एका व्यापाऱ्याच्या तक्रारीतून हेतू दिसत नाही. पण त्याच माणसाने, त्याच पद्धतीने, त्याच तीन महिन्यांत दहा जणांना गंडवले हे समोर आले, की हेतू आपोआप उघडा पडतो. द्राक्ष बागायतदारांच्या बाबतीत नाशिक परिक्षेत्रात पोलिसांनी २०२० साली विशेष मोहीम हाती घेतली आणि शेतकऱ्यांना बुडीत वाटलेले पैसे परत मिळू लागले. शेतकरी तक्रारी घेऊन पुढे आले आणि यंत्रणेने त्या गांभीर्याने घेतल्या, म्हणूनच हे घडले.

येथेच बाजारपेठेची खरी दुर्बलता आहे. एकाला गंडा बसला तर तो गप्प बसतो. आपली अक्कल निघेल, बँक सावध होईल, सूतवाला उधारी बंद करेल, ही भीती त्याला असते. त्याच्या मौनाच्या आधारावर लबाड माणूस शेजारच्या गल्लीत दुसरे सावज गाठतो. व्यापारी संघटनेने निदान एवढे करावे: महिन्यातून एकदा सभासदांनी थकबाकीचे अनुभव कागदपत्रांसह, समोरासमोर सांगावेत. ही माहिती जबाबदारीने वापरावी. व्हॉट्सॲपवर कोणाचे छायाचित्र टाकून ‘हा चोर आहे’ असे लिहिणे, त्याच्या घरी चार माणसे पाठवणे, त्याची गाडी अडवून ठेवणे, असल्या मार्गांनी फिर्यादीच आरोपी होतो. वसुली करून देणाऱ्या दांडगटांच्या हाती एकदा आपले प्रकरण दिले, की त्यांचे देणे आयुष्यभर फिटत नाही.

घरातल्यांना सांगावे

शेवटचा मुद्दा हिशेबाचा नाही. ज्याचे पैसे बुडतात तो माणूस ही गोष्ट सर्वात शेवटी घरी सांगतो. चोवीस मागांचा तो मालक रात्री जेवायला बसतो, अन्न चिवडतो, विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो. पत्नीला दागिन्यांचे कळते ते सावकाराचा माणूस दारात आल्यावर. असे घडू नये. उधारीची वही घरातल्या निदान एका माणसाने महिन्याला पाहावी. पत्नी, मोठा मुलगा किंवा मुलगी यांना कोणाकडे किती येणे आहे, हे ठाऊक असावे. मोहाच्या सौद्याला ‘थांबा’ म्हणणारा आवाज अनेकदा घरातूनच येतो, आणि संकटात माणसाला सावरणारा हातही घरातलाच असतो. पैसे पुन्हा मिळवता येतात. घरच्यांपासून लपवण्याच्या ओझ्याखाली खचलेल्या माणसाला परत आणणे अवघड असते.

घरात जसा मोकळेपणा हवा, तसाच बाजारात आरसाही पाहावा. खरेदीदार थकवतो म्हणून कासावीस होणारा दुकानदार स्वतः सुताराचे, हमालाचे, कागदवाल्याचे पैसे वेळेवर देतो का? दहा जणांनी आपापले लहान देणे ठरल्या दिवशी चुकते करायचे ठरवले, तर त्या गल्लीपुरता तरी बाजार बदलू लागतो. लबाडाला जागा मिळते ती थकवणे हीच रीत झालेल्या बाजारात.

तेव्हा ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी खुशाल राहू द्यावी. पण तिच्या शेजारी प्रत्येकाने मनात आणखी एक पाटी लावावी. विश्वास असावा, पण लेखी असावा. दया असावी, पण तिला मर्यादा असावी. आणि एका लबाडाने लुबाडले म्हणून पुढच्या सज्जनाला हसतमुखाने ‘या, बसा’ म्हणण्याची आपली रीत मोडू नये. ती मोडली, तर लबाडाने पैशांहून अधिक काही नेले असे होईल.